दोन फूट चोरीची जीप

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. नोकरीत मी लिहिले ते पंचनामे, जबाब आणि स्टेशन डायरी. त्यात आपल्याला काय वाटलं हे लिहायची सोय नसते. निवृत्त झाल्यावर बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि तोही नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही तपास केलेलं एखादं प्रकरण लिहा." मी एक मोठं खुनाचं प्रकरण लिहायला बसलो आणि कागदावर आली ती एक गंजलेली जीप. असं का झालं ते नीट सांगता येणार नाही. बाकीची प्रकरणं आठवायला मला जुन्या सहकाऱ्यांना विचारावं लागतं, हे मात्र कोणी न विचारता आठवतं. नावं कोणाचीच लिहीत नाही.

कापसाचे ते वाईट दिवस होते. मी दारव्ह्याच्या बाजूच्या एका ठाण्यात हवालदार होतो. ठाण्यात रोज मर्गचे, म्हणजे आकस्मिक मृत्यूच्या चौकशीचे कागद असत आणि दुसऱ्या गुन्ह्यांना माणूस मोकळा नसे. शेती सोडून लोक मिळेल त्या धंद्यात शिरत होते. बरेच जण जुनी जीप घेऊन सवारी वाहायच्या रांगेत उभे राहत. जीपा वाढल्या तशी रांगेतली भांडणंही वाढली. त्यामुळे एका दुपारी फोन आला तेव्हा मी तो अशाच एखाद्या भांडणाचा समजलो.

फोनवरचा माणूस नाव सांगेना. म्हणाला, "स्टँडमागच्या गॅरेजात चोरीची जीप कापून राह्यले. लवकर या, नाई तं तुम्हाले नुसती चाकंच भेटतीन."

स्टेशन डायरीला नोंद करून मी एक शिपाई घेऊन गेलो. जीप खरोखरच कापलेली होती. लाकडी ठोकळ्यांवर उभी, सीट बाहेर, दारं भिंतीला टेकवलेली. चाळिशीचा एक माणूस आत उकिडवा बसून छिन्नीनं तळाचा पत्रा खरवडत होता. बाजूला डेंटिंगवाला विडी ओढत होता.

"काय करून राह्यला?" मी विचारलं.

"गंज काढून राह्यलो साहेब. निंघतच नाई. एक पापुद्रा काढला की खाली दुसरा मालक निंघते."

मला ते समजलं नाही, तेव्हा त्यानं दाखवलं. पायाखालच्या रबराखाली गोणपाट, गोणपाटाखाली डांबर, डांबराखाली कापसाच्या बियाण्याची जाहिरात असलेली लोखंडी पाटी. तिच्यावर फुटलेली बोंडं हसरी रंगवलेली होती. ती खिळे मारून तळ म्हणून बसवली होती आणि तिच्याखाली खरा पत्रा उरलाच नव्हता. दाराच्या खालच्या पोकळीत वर्तमानपत्रं कोंबून वर पुट्टी लावली होती. टाकीच्या भोकाला साबण चोपडला होता.

डेंटिंगवाला म्हणाला, "म्या याले म्हटलं, गाडी नको दुरुस्त करू. भंगाराचं दुकान टाक, माल आयता हाय."

मला हसू आलं, पण कागद मागितले. कागद त्याच्या नावावर होते. इंजिनाचा नंबर कागदाशी जुळला. समोरच्या पत्र्यावर कंपनीच्या पट्टीवरचा नंबरही जुळला. मग पुढच्या उजव्या चाकाजवळ, चेसिसवरचं ग्रीस पुसून ठोकलेला नंबर पाहिला. तो वेगळा होता. नियंत्रण कक्षाला कळवलं. संध्याकाळी उत्तर आलं की त्या चेसिस नंबरची जीप शेजारच्या जिल्ह्यातून काही वर्षांपूर्वी चोरीला गेली आहे.

इथून माझा गोंधळ सुरू झाला. चोर गाडी चोरतो तेव्हा नंबर घासतो, नवा ठोकतो. इथे चोरीचा नंबर स्वच्छ, आणि बाकीची गाडी कागदाप्रमाणे खरी. असा कोणता चोर की ज्यानं सगळं लपवलं आणि नेमका गुन्हा तेवढा उघडा ठेवला?

ठाणेदार साहेबांना असला प्रश्न पडला नाही. ते बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले होते, मेहनती होते. म्हणाले, "चेसिस म्हणजे गाडी. चेसिस चोरीची, म्हणजे गाडी चोरीची. करा अटक." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि हवालदार, तुमच्या तांड्याकडचा माणूस आहे म्हणून हात सैल सोडू नका."

तो बंजारा होता आणि मीही बंजारा, एवढीच ओळख. त्याचा तांडा वेगळा, माझा वेगळा. तरी त्या वाक्यानंतर मी त्याच्याशी जास्तच कोरडा वागलो असेन. न्यायालयानं पोलीस कोठडी दिली. जीप मुद्देमाल म्हणून ट्रॅक्टरनं ओढून ठाण्याच्या आवारात, बाभळीखाली लावली.

चौकशीत मी सगळे नेहमीचे प्रश्न विचारले. कुठून आणली, कोणाकडून, सोबत कोण होतं. त्याची उत्तरं प्रत्येक वेळी तीच. कळंबच्या एका माणसाकडून घेतली, रीतसर घेतली, नंबर कधी पाहिला नाही.

"गाडी घेताना चेसिसचा नंबर पाहत नाहीत?"

"बैल घेतानी दात पाहतो, साहेब. गाडीचे दात कुठं असते ते मले कोणी सांगतलं नाई."

"मग चोरीचा नंबर आला कुठून?"

"मी नाई चोरली. मलेच तिनं लुटलं. रोज एक भोक दाखवते."

खोटं बोलणारा माणूस दोनतीन दिवसांत गोष्ट सुधारतो. पहिल्या दिवशी राहिलेल्या फटी तो तिसऱ्या दिवशी बुजवतो. याच्या गोष्टीतल्या फटी तशाच होत्या. पण फटी तशाच असणं हा पुरावा नव्हे, चेसिसवरचा नंबर मात्र पुरावा होता.

त्याची बायको रोज भाकरी घेऊन येई. पहिल्या दिवशी माझ्या बोलण्यावरून तिनं मी बंजारा असल्याचं ओळखलं आणि आमच्या गोरबोलीत "भिया" म्हणून हाक मारली, म्हणजे भाऊ. साहेब आतल्या खोलीत होते. मी मराठीतच बोललो. तीही लगेच मराठीवर आली.

"गाडी कवा सोडान?"

"आधी नवऱ्याचं विचारा, बाई."

"त्यायले तुम्ही सोडसान, मले माहीत हाय. माणूस पावसात सडत नाई. गाडीचं सांगा. तळ उघडा हाय तिचा. तिले छपराखाली तरी ठेवा."

मी म्हणालो, मुद्देमाल आहे, जिथे लावला तिथेच राहील. ती जीपजवळ गेली, चारी बाजूंनी पाहिलं आणि डोक्यावरची ताडपत्रीची घडी काढून बोनेटवर टाकली. पण तळाला वरून काय झाकणार? त्यांची बैलजोडी गेली होती ती या जीपसाठी. ती सडली तर परत दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचं, एवढाच त्यांच्यापुढे हिशेब होता. तो तिनं मला समजावून सांगितला नाही. मलाच समजत होता.

तपशीलवार पंचनाम्यासाठी मी जीपची पुढची बाजू पाहत होतो. चेसिसचे दोन लोखंडी दांडे बंपरच्या खाली पुढे येतात. डाव्या दांड्याच्या टोकावर कुंकवाचा जाड थर होता आणि फटीत नारळाची शेंडी अडकली होती. उजवं टोक कोरं होतं. मी उठलो आणि पुन्हा खाली बसलो. आमच्याकडे गाडीची पूजा केली की नारळ चेसिसच्या टोकावर फोडतात आणि तो उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला. दसऱ्याला ठाण्याच्या गाडीवरही मीच उजवीकडे फोडत आलो होतो. डावीकडे फोडणारा मी पाहिला नव्हता.

लॉकअपपाशी जाऊन विचारलं, "नारळ डावीकडे काहून फोडतोस?"

तो म्हणाला, "जुन्या मालकानं सांगतलं होतं. म्हणे, उजव्या बाजूले नारळ नको फोडू."

"कायले?"

"नाई इचारलं. देवाधर्माचं असन, म्हटलं. त्याच्या हातून गाडी आली, त्याचा नेम पाळला."

हे त्यानं आधी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी जीपकडे परत गेलो आणि उजव्या दांड्यावरचा रंग चाव्यांच्या जुडग्यानं खरवडला. टोकापासून साधारण दोन फुटांवर, आडवी, वेल्डिंगची रेघ निघाली. चोरीचा नंबर त्या रेघेच्या पुढच्या तुकड्यावर होता.

दुसऱ्या दिवशी कळंबला गेलो. जुना मालक सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजकं. चिंतामणीच्या दर्शनाला येणारे लोक वाहायला त्यानं ती जीप घेतली होती. प्रथम म्हणाला, "आठवत नाही." मग म्हणाला, "गाडी उत्तम होती." मी नारळाचं विचारलं तसा तो उठून दार लोटून आला.

"हे लिहिणार का तुम्ही?"

"लिहावं लागेल."

"मग नीट लिहा. दर चतुर्थीला मी गाडीवर नारळ फोडत होतो. माझ्या आधीचा मालकही फोडायचा. पाणी त्या दांड्याच्या आत उतरत राहिलं, चिखल साचत राहिला. एक दिवस दांडा चाकाजवळ बिस्किटासारखा तुटला. हाताने तुटला, साहेब. नंबरसकट भुगा झाला. आता सांगा, देवाच्या पाण्यानं गाडी सडली हे मी कोणाला सांगू? सौभाग्यवतीलासुद्धा सांगितलं नाही. तिला म्हटलं, खड्ड्यात आदळली."

"आणि विकताना?"

"विकताना एवढं सांगितलं, की तिकडे फोडू नकोस. त्याचं नुकसान नको म्हणून सांगितलं." मग म्हणाला, "आता त्यानं डावीकडे फोडले म्हणता. म्हणजे तो दांडाही सडला असेल."

दुरुस्ती त्यानं मारेगावच्या एका मिस्त्रीकडे केली होती. मिस्त्रीनं काहीच लपवलं नाही. भंगारवाल्याकडून एका जीपचं पुढचं टोक कापून आणलं, जोडलं, रंगवलं.

"त्या टोकावर नंबर होता. पाहिला नाहीस?"

"नंबर कोण पाहते, साहेब? म्या जाडी पाह्यली. मस्त जाड होतं."

भंगारवाल्यापासून पुढचा माग लागला. चोरीच्या गाड्या कापून विकणारे दोघे पुढे दुसऱ्या ठाण्यानं पकडले, त्याचं श्रेय त्यांनाच. फोन करणारा कधी सापडला नाही; रांगेतल्याच कोणी वैरानं चोरीचं ठोकून दिलं असावं. आमच्यासाठी मात्र गुंता तसाच होता. मी साहेबांपुढे सगळे जबाब ठेवले. त्यांनी दोनदा वाचले.

"म्हणजे गाडी चोरीची नाही."

"नाही, साहेब."

"पण दोन फूट चोरीची आहे."

"हो."

"आणि ते दोन फूट ज्याच्या गाडीचे, तो फिर्यादी आता काय म्हणेल? टोक परत द्या?"

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी माणसाला सोडण्याचा अहवाल न्यायालयात पाठवला, आणि त्यात माझ्या तांड्याचा विषय पुन्हा काढला नाही. माणूस सुटला. जीप सुटली नाही. चोरीच्या वस्तूचा तुकडा तिला जोडलेला होता, मूळ नंबर भुगा झालेला होता आणि नंबर नसलेली गाडी कोणाच्या ताब्यात द्यायची हे कोणालाच ठरवता येईना. आरटीओ म्हणे न्यायालयाचा आदेश आणा, न्यायालय म्हणे आरटीओचा अहवाल आणा. यात कोणी वाईट होतं असं मला वाटत नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता. जीप बाभळीखाली होती आणि पाऊस तिच्यावर पडत होता.

तिची ताडपत्री वाऱ्यानं उडाली तेव्हा मी एकदा बांधली. मग माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं मॅडमनी शेवटी लिहायला सांगितलं आहे. एक गोष्ट पक्की शिकलो. माणूस काही लपवतो ते नेहमी गुन्हा म्हणून लपवत नाही, लाजेनंही लपवतो, आणि चौकशीत दोन्हींचा चेहरा सारखाच दिसतो. कळंबचा तो माणूस पहिली पाच मिनिटं मला अट्टल गुन्हेगार वाटला होता. दुसरी गोष्ट शिकलो की नाही, ठाऊक नाही. गाडी म्हणजे नेमकं काय? एकाचं टोक, दुसऱ्याचा पत्रा, तिसऱ्याची पाटी, चौथ्याचा साबण. प्रत्येकानं स्वतःपुरतं भागवलं आणि पुढच्याला दिली. त्या रांगेत काही दिवस आमचं ठाणंही मालक होतं आणि आम्हीही तिला तशीच वागवली. यावर मी पुष्कळ विचार केला, पण तो कुठे पोचत नाही.

त्यानंतर पुष्कळ दिवस मला काही कळलं नाही. विचारायला फोन करावासा वाटे, पण उत्तर काय येईल याची भीती वाटे. शेवटी एका बंदोबस्तात त्या ठाण्याचा जुना शिपाई भेटला. जेवताना त्यानं आपण होऊनच सांगितलं.

"दादा, तुमची ते जीप गेली बरं. न्यायालयानं पंचांसमोर तो तुकडा कापून मालखान्यात ठेवाले लावला अन् बाकीची गाडी देऊन टाकली. आता टोक मालखान्यात, लेबल लावून."

"नेली त्यानं? की भंगारात दिली?"

"नेली. टोकाच्या जागी लोखंडी अँगल जोडला. तळ तं पुरा गेलता. सीट दोरीनं बांधलं. तो ट्रॅक्टरवर बसला, जीप मागं साखळीनं बांधली. पण स्टिअरिंग धराले कोणीतरी पाहिजे न. त्याची बायको चढली. म्या म्हटलं, बाई, तुम्हाले गाडी येते का? तं म्हणे, नाई. अन् पाय खाली सोडू नका, खाली जमीन हाय, म्हटलं. तं म्हणे, दिसून राह्यली."

"मग?"

"मग काय. गेटाबाहेर रस्त्याले लागतानी तिनं हात बाहेर काढून वळणाचा इशारा देल्ला."