आजीच्या गळ्यातली एकदाणी

मी पुलगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. चित्रांची पुस्तकं विकत घ्यायची माझी खोड घरात सगळ्यांना ठाऊक आहे. "वाचाले काई नाई, अन् एवढं जड पुस्तक काऊन आणतं वं?" असं आई दर वेळी विचारते आणि मग चष्मा लावून स्वतःच पानं उलटत बसते.

आईची धाकटी बहीण आष्टीला असते. या दोघींच्या मध्ये एक दागिना अडकून बसला होता. त्यांच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, एकच फोटो आहे आणि तो आमच्या बैठकीत असतो. आजी खुर्चीवर ताठ बसलेली, अंगावर हिरवं लुगडं, गळ्यात सोन्याच्या मण्यांची ठसठशीत एकदाणी. आजी ती कधी घालत नसे; पेटीत जपून ठेवली असेल, असंच दोघी धरून चालल्या होत्या. आजी गेली, पेटी उघडली, तर एकदाणी नव्हती. आईला वाटलं, शेवटच्या दिवसांत बहीणच जवळ होती. मावशीला वाटलं, बाईनं, म्हणजे माझ्या आईनं, आधीच नेली असणार. सरळ कोणी कोणाला विचारलं नाही, पण लग्नकार्यात भेटल्या की सुरू.

"काय वं बाई, आज बी गळा खालीच? का जपून ठेवलं?" मावशी म्हणायची.

"ज्याच्यापाशी आहे त्यानं घालावं," आई म्हणायची. पंगतीत बसलेली आम्ही भावंडं खाली मान घालून हसायचो.

गेल्या हिवाळ्यात नागपूरला एका कलादालनात जुनी चित्रं आणि सुरुवातीच्या काळातले फोटो यांचं प्रदर्शन लागलं. आईही निघाली. पहिल्या दालनात राजेरजवाड्यांची तैलचित्रं होती. आई त्यांच्या पागोट्यांवर खूश. पुढच्या दालनात एका सरदाराचा एकच फोटो दोनदा लावला होता. एक साधा, करडा. शेजारी त्याचीच रंगवलेली प्रत. साध्या फोटोत गळा मोकळा होता आणि रंगवलेल्यात मोत्यांचे सर लोंबत होते.

"तेव्हा फोटोत रंग नसायचा," दालनातली माहिती सांगणारी मुलगी म्हणाली. "मग चित्रकार वरून ब्रशनं रंगवायचे. लोक हौसेनं दागिनेही काढून घ्यायचे. नसलेलेसुद्धा."

"नसलेले?" आईनं विचारलं. मुलगी हो म्हणाली, तरी आईनं पुन्हा विचारलं.

मी प्रदर्शनाचं पुस्तक घेतलं. परतीच्या गाडीत ते आईच्या मांडीवर होतं. वर्धा स्टेशन मागं पडलं तेव्हा सरदाराचं पान उघडून ती म्हणाली, "मायचा फोटो उघडून पाहू. पण तिले येऊ दे. तिच्यासमोरच उघडजो."

रविवारी मावशी बसनं आली. चहा झाला आणि मी पक्कडीनं चौकटीचे खिळे काढले, काच बाजूला केली, फोटो खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला. लुगड्याचा हिरवा रंग पाण्यासारखा पातळ होता, त्याखालच्या चुण्या स्पष्ट दिसत होत्या. सोनेरी रंग मात्र जाड. बोटाला मणी लागत होते. एका मण्याचा टवका उडाला होता आणि तिथून खालचा करडा, मोकळा गळा दिसत होता. मी शेजारी पुस्तकातला सरदार उघडून ठेवला.

मावशीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "म्हणजे एकदाणी नव्हतीच?"

"नव्हतीच मावशी. ही रंगवणाऱ्यानं काढली."

आईनं मावशीच्या हातून फोटो घेतला. "अन् मी एवढी वर्षं तुह्यावर डाव धरून राह्यली!"

"मी तरी काय कमी? तुह्या सुनेच्या गळ्यात दिसते का म्हणून लग्नात मी मुद्दाम पुढं बसलती!"

मग दोघी अशा हसल्या की शेजारीण काय झालं म्हणून दारात आली. तिला सांगता सांगता पुन्हा हसल्या. डोळे पुसून मावशी म्हणाली, "माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचे. एवढी हौस होती तिले, पण कधी बोलली नाई."

"बाबानंच सांगतलं असन," आई म्हणाली. "म्हणाला असन फोटोवाल्याले, हिच्या गळ्यात काईतरी काढ."

मी तो फोटो इतकी वर्षं पाहत होते. आजी एवढी ताठ का बसली असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजल्यासारखं वाटलं. फोटो जसा होता तसाच चौकटीत बसवला. उडालेला मणी मी रंगवून देते म्हटलं, तर दोघी एकदमच नको म्हणाल्या.

प्रदर्शनाचं पुस्तक मावशी आष्टीला घेऊन गेली, ते अजून आलेलं नाही. आता नागपूरला काही लागलं की आम्ही तिघी जातो. मागच्या खेपेला एका राणीच्या तसबिरीसमोर मावशी इतकी वाकली की पहारेकरी धावत आला.

"मावशी, मागं व्हा, हात नका लावू."

"हात कुठं लावला? मी त फक्त पाहून राह्यली, हिचा हार खरा आहे का काढलेला."

तो मागं झाला, आजूबाजूला साहेब नाही हे पाहिलं आणि मावशीच्या शेजारी वाकून स्वतःच पाहू लागला.