धाकटीची चार मिनिटांची टेस्ट

माझ्या धाकट्या जावेबद्दल कुणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मोठ्या मनाची वगैरे म्हणायला नको.

ती आमच्या घरात आली तेव्हा एका पार्सल कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. सहा वर्षं तेच. हरवलेली पार्सलं, फुटलेली पार्सलं, भलत्याच दारात टाकलेली पार्सलं. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन यायची, दिराचा जुना स्वेटर अंगात अडकवायची, खुर्चीवर मांडी ठोकायची आणि काकडी चावत मला विचारायची, "ताई, तुम्ही नेमकं करता काय हो?"

मी काय करते? वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी एक फ्रेमवर्क असतं, म्हणजे तयार सांगाडा. त्याला जोडायची एक लायब्ररी, म्हणजे आयता कोड, मी लिहिली, त्याला नऊ वर्षं झाली. तुम्ही साइटवर बटण दाबता, "पावती मेल केली आहे" असं लगेच दिसतं. लगेच कुठली जाते! आत कामाची एक चिठ्ठी तयार होते, रांगेत लागते, आणि मागे बसलेला वर्कर, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅमच, ती उचलून काम करतो. ती रांग, ती चिठ्ठी, तो वर्कर, सगळं माझं. हे सगळं नीट समजावून सांगितलं, तर बया म्हणते, "आणि वर्कर मधेच कोसळला तर?"

"तर दुसरा उचलतो."

"हे तुम्ही बघितलंय?"

नव्हतं बघितलं. माझ्या टेस्टमध्ये, म्हणजे कोड नीट चालतो का ते तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, रांगच नसायची. सोयीसाठी बरेच जण असं करतात. टेस्ट चालू असताना काम रांगेत न लावता जागच्या जागी उरकून घ्यायचं. अकरा सेकंदांत सगळं हिरवंगार, म्हणजे पास. धाकटीनं डोकं खाजवलं. "म्हणजे माणूस ऑफिसच्या बाहेर पडलाच नाही, आणि पार्सल पोचलं म्हणून सही?" सासूबाई खो खो हसल्या. त्यांना ना रांग कळली होती ना चिठ्ठी, पण धाकटी बोलली की हसायचं हे त्यांचं ठरलेलं.

मग ती शिकायलाच बसली. डिग्री नाही, क्लास नाही, माझ्याच कपाटातली पुस्तकं. दीड वर्षात टेस्ट लिहायला लागली, आणि एक दिवस तिनं ती चार मिनिटांची टेस्ट लिहिली. खरी रांग, खरे दोन वर्कर. काम अर्ध्यावर आलं की पहिल्याला ठार मारायचं. तो मेलाय हे रांगेच्या लक्षात येईपर्यंत थांबायचं, आणि दुसरा तीच चिठ्ठी उचलतो का ते बघायचं. त्या थांबण्यातच चार मिनिटं जायची. चांगली होती का? होती हो, चांगलीच होती. नऊ वर्षांत मी लिहायला हवी होती ती. म्हणून तर मला एवढ्या मिरच्या झोंबल्या.

कोड जिथे सगळ्यांसाठी ठेवतात त्या साइटवर तिला मी वेगळं खातं उघडू दिलं नाही. "घरचंच काम आहे, माझ्याच खात्यातून टाक," म्हणाले. किती प्रेमळ वाटतं ना ऐकायला? दोन वर्षं तिची प्रत्येक ओळ जगाला माझ्या नावानं दिसत होती. तिनं एकदाही विषय काढला नाही. काढला असता तर निदान भांडता तरी आलं असतं!

अशात फ्रेमवर्क सांभाळणाऱ्यांची मेल आली. त्यांना अशी एक लायब्ररी कायमची आपल्यात सामावून घ्यायची होती, आणि शेवटच्या दोनांत आमची होती. माझ्या नऊ वर्षांचं काय होणार ते यावर ठरणार होतं. दुसरी लायब्ररी आमच्यापेक्षा वेगवान. मग मी काय केलं? आमचा वर्कर काम संपल्यावर चिठ्ठी फाडायचा. मी त्याला ती आधीच फाडायला लावली, म्हणजे रांगेकडे परत जायचा एक हेलपाटा वाचतो. वेग झकास वाढला. सगळ्या टेस्ट हिरव्या, फक्त तिची लाल.

धाकटी त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. दोन मिनिटं शांत बसले असते तर मला कळलं असतं, की चिठ्ठी आधीच फाडली आणि वर्कर मेला, तर ते काम करायचं होतं हे कुणालाच माहीत नाही. पण मी शांत बसले नाही. तिची लाल टेस्ट बघून मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! टेस्टच भिकार आहे असं ठरवून मी ती बंद केली, कारण म्हणून लिहिलं "उगाच वेळ खाते", आणि नवी आवृत्ती रिलीज करून मोकळी झाले.

पुढच्या आठवड्यात सकाळी अकराला त्यांचा कॉल होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, मी समोर, धाकटी बाजूला. सासूबाई पलीकडे चष्मा लावून शेंगा सोलत होत्या. स्क्रीनवर त्यांचा मुख्य माणूस, दाढीवाला, अगदी थंड आवाजाचा.

"वर्करला मारणारी टेस्ट फार आवडली आम्हाला," तो म्हणाला. "अशी दुसरीकडे कुठे बघितली नाही. कुणी लिहिली?"

"मी," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं म्हणाले तर ते खोटं होईल. विचार करून म्हणाले. धाकटी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"ताज्या रिलीजमध्ये मात्र ती बंद आहे. एका दवाखान्यानं ती रिलीज लावली. काल त्यांचा सर्व्हर मधेच बसला, आणि एकोणीस पेशंटना रिपोर्टची मेल गेलीच नाही. बंद कुणी केली?"



"मी," धाकटी म्हणाली. "आम्ही दोघी एकाच खात्यातून काम करतो. मला ती लांबलचक वाटली. माफ करा, चूक माझी."

दाढीवाल्यानं काहीतरी लिहून घेतलं. "लायब्ररी आम्ही घेतो. पण एक अट. रिलीजचा अधिकार टेस्ट लिहिणाऱ्याकडे राहील. जिनं ती बंद केली तिचा हात यापुढे कोडला लागायला नको. उद्यापर्यंत कळवा."

कॉल संपला. लायब्ररी माझी, नाव माझं, आणि धाकटी बाहेर. गेली दोन वर्षं मला दुसरं काय हवं होतं?

"तू कशाला मधे तोंड घातलंस?" मी खेकसले.

"ताई, तक्रारीच्या फोनवर आधी कुणीतरी 'चूक माझी' म्हणावं लागतं. त्याशिवाय समोरचा पुढचं ऐकतच नाही. सहा वर्षं मी तेच केलं. खरी चूक कुणाची होती, हे कधी विचारत बसले नाही." मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "ते चिठ्ठी फाडायचं आधी पूर्ववत करा. माणसं रिपोर्टची वाट बघतायत."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिची टेस्ट लाटली, आणि ही मला माझी चूकसुद्धा माझ्याकडे ठेवू देईना!

मी तिथल्या तिथे पुन्हा कॉल लावला. "टेस्ट तिची आहे," मी म्हणाले. "बंद मी केली. अधिकार तिला द्या, आणि अट मला लावा."

"ठीक, तसंच करू," तो म्हणाला. मग त्यानं तिचं खातं विचारलं. तिला खातं नाही आणि ते मीच उघडू दिलं नाही, हे एका परक्या माणसाला सासूबाईंच्या देखत सांगावं लागलं. त्यांचे सोलणारे हात थांबले.

दुपारी धाकटीनं खातं उघडून स्वतःच्या नावाची पहिली रिलीज केली. टेस्ट चालू होती तेवढी चार मिनिटं आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत होतो. हिरवी आली. दवाखान्यानं ती लावली आणि हरवलेल्या एकोणीस मेल आपल्या नोंदींवरून पुन्हा पाठवल्या.

"काय गं, धाकटीनं आज केलं तरी काय?" सासूबाईंनी मला विचारलं.

"माझी चूक निस्तरली," मी म्हणाले. मला वाटलं होतं, एकदा खरं बोललं की हेवा संपेल. कुठला संपतोय! आता माझा कोडला हात लागत नाही, आणि लायब्ररी उघडली की सगळ्यात वर तिचं नाव दिसतं. मी रोज उघडून बघते.