दिरानं आणलेली जप्ती

मुलांनो,
त्या माणसाचा नातू तिकडे तुमच्या गावात राहायला आला आणि “आमच्या आजोबांनी तुमची लालबागची चाळ वाचवली” असं जेवताना सांगून गेला, हे तुमच्या पत्रातून कळलं. मला सगळं नीट आठवतंय तोवर खरं काय ते लिहून ठेवते.

तो माणूस तुमच्या आजोबांचा चुलतभाऊ, म्हणजे माझा दीर. आम्ही गिरगावात राहत होतो. आजोबांचा छापखाना होता. नव्या यंत्रासाठी त्यांनी ह्या भावाकडून कर्ज घेतलं आणि तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. आज हरताळ, उद्या संचारबंदी. गिऱ्हाइकं आटली आणि छापखाना बंद पडला. मग घर चाललं ते लालबागच्या चाळीच्या भाड्यावर. बारा खोल्या, सगळे भाडेकरू गिरणीतले. चाळ गेली असती तर तुमच्या वडिलांची शाळा सुटली असती.

ती चाळ माझ्या वडिलांनी लग्नाच्या वेळी माझ्या नावानं घेतली होती. स्त्रीधन. पण भाडेकरू आजोबांना मालक म्हणत. पावत्यांवर सही माझी असे, ती मी नवऱ्याच्या वतीनं करते असं सगळे धरून चालत. दिरानंही तेच धरलं. एका रविवारी आमच्याकडे पोटभर जेवून गेला आणि त्याच आठवड्यात त्यानं दावा लावला. निकाल त्याच्या बाजूनं लागला आणि त्यानं चाळीवर जप्ती आणली.

कोर्टाचा बेलिफ दारावर कागद चिकटवत होता तेव्हा मी भाड्यासाठी तिथेच होते. दीर हसत म्हणाला, “वहिनी, पावत्या फाडायचा तुमचा त्रास वाचला. इंग्रजी शिकलायत ना? मग वाचा.”

मी वाचलं. मालक म्हणून आजोबांचं नाव होतं. मी पावतीपुस्तक उघडलं आणि पुढच्या खोलीचं भाडं घेतलं.

वरच्या गॅलरीतून एक भाडेकरू बाई ओरडली, “वयनी, ह्यो कोण नवो मालक इलो?”

“त्यालाच विचार,” मी म्हटलं.

घरी आजोबा म्हणाले, “देऊन टाकू चाळ. भावाचं देणं आहे, तोंड कसं दाखवू?”

“देणं तुमचं आहे, ते फेडू. चाळ माझी आहे.”

दुसऱ्या दिवशी मी एकटीच वकिलांकडे गेले.

वकील म्हणाले, हरकत ताबडतोब घ्या. मी लिलावाची तारीख लागेपर्यंत थांबले. हा माझा दुष्टपणा होता, कबूल करते. तोवर दीर नातेवाइकांत मिरवत होता, चाळ आपल्यालाच मिळणार म्हणून दोन खोल्यांसाठी नव्या भाडेकरूंकडून पागडीची रक्कमही घेऊन बसला होता. मग मी खरेदीखत कोर्टात ठेवलं. जप्ती उठली आणि पागडी दिलेले लोक त्याच्या दारात जाऊन बसले.

कोर्टाच्या जिन्यात तो म्हणाला, “वहिनी, हे आधी नाही का सांगायचं?”

“भावोजी, तुम्ही मला वाचायला सांगितलंत. विचारलंत कुठे?”

कर्ज मी फेडलं, पूर्ण फेडलं, पण हप्त्यांनी आणि माझ्या पद्धतीनं. दर महिन्याला त्यानं लालबागला यायचं, भाडेकरूंच्या मागे गॅलरीत उभं राहायचं, सगळ्यांचं झालं की सही करून पैसे न्यायचे. चार वर्षं मी त्याला बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही. एकदा मे महिन्यात भर दुपारी त्यानं पाणी मागितलं. मी सार्वजनिक नळाकडे बोट दाखवलं. नळाचं पाणी सकाळी नऊलाच जातं, हे मला माहीत होतं. आजोबांना हे कळलं तेव्हा ते फार दुखावले. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. हे त्याच्या नातवाला वाचून दाखवलंत तरी चालेल.

चाळ उभी आहे. बारापैकी पाच खोल्यांत जुनीच कुटुंबं राहतात आणि भाड्याच्या पावतीवर सही मीच करते.