लोटननानांचा कान

गाडी आली की लोटननाना आधी कुणाचंच ऐकून घेत नसत. इंजिन चालू ठेवायला सांगत, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवत, त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटत. गिऱ्हाईक मध्येच तक्रार सांगू लागलं की डोळे न उघडता म्हणत, "तू थांब. आधी हिले बोलू दे." मग काही वेळानं निदान यायचं. "दोन नंबरना प्लग बसेल शे." खोलून पाहिलं की दोन नंबरचाच प्लग काळा निघायचा.

धुळ्यात चाळीसगाव रोडला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. मूळ गाव भडगावकडचं. वय पासष्टच्या पुढे, अंगावर बारा महिने एकच खाकी शर्ट, आणि जुनी इंजिनं ओळखणारा त्यांचा कान पारोळ्यापासून शिरपूरपर्यंत प्रसिद्ध. लहान गाडीचा जोर थोडक्या खर्चात वाढवून देण्याची त्यांची खासियत होती. नवे महागडे भाग ते कधी सुचवत नसत. म्हणत, "इंजिनमा जोर शेच. तो फक्त अडकेल शे. आपले तो मोकया करना शे."

मी त्यांच्याकडे गेलो तो मायसाठी. माय आयुष्यभर लोकांच्या शेतात कापूस वेचत राहिली आणि तिनं मला बी.एस्सी. केलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, धुळ्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. नोकरी पक्की झाल्यावर मी एक फार जुनी, आठशे सीसीची छोटी गाडी घेतली होती. त्याच हिवाळ्यात मायला कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी कीमोसाठी संभाजीनगरला न्यायचं ठरलं. बसमध्ये तिला उलट्या व्हायच्या, म्हणून गाडी. पण चाळीसगाव सोडलं की कन्नडचा घाट लागतो. पहिल्याच फेरीत गाडी पहिल्या गिअरमध्येही धापा टाकू लागली. एका वळणावर माझी पत्नी आणि मामा खाली उतरून गाडीमागून चालत आले. माय मागच्या सीटवर पडल्या पडल्या म्हणाली, "मी बी उतरू का रे?" ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

नानांना हे सगळं सांगितलं. मी मोठी गाडी घ्यायचा विचार करतो म्हटल्यावर ते चिडले. "पैसा दवाईले ठेव. ही गाडी घाट चढी. मी सांगस ना."

चार रविवार त्यांनी त्या गाडीला दिले. पहिल्या रविवारी डिकी उघडली आणि आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पाहून ते मला म्हणाले, "मास्तर, ही गाडी शे का रद्दीनं दुकान? नापास पोऱ्यास्ले घाटमा कसाले चढावस?" गठ्ठे उतरले, जास्तीचं सीट कव्हर, लोखंडी कॅरिअरही उतरलं. चाकं वर उचलून हातानं फिरवली तर दोन चाकांना ब्रेक घासत होते. ते सोडवले. हवेचा फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर धुतला, आतून कुजून तुंबलेला सायलेन्सर कापून साफ केला. एवढ्यानंच गाडी हलकी झाली. मग इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. हवा आत जाण्याच्या वाटा पॉलिश पेपरनं ते स्वतः घासत बसले. अधूनमधून मला बोलवत. "बोट फिरव. कुठे अडकस?" माझ्या बोटाला काही लागायचं नाही, त्यांच्या लागायचं. शेवटी हेड लेथवाल्याकडून थोडं घासून आणलं, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबलं जाऊन जोर वाढेल. "कंपनीले हजार गाड्या करन्या पडतस," ते म्हणाले, "मले एकच करनी शे."

सगळ्यात शेवटचं काम टायमिंगचं. ठिणगी जराशी लवकर पडली तर जोर वाढतो. फार लवकर पडली तर चढावर इंजिन टिकटिक करू लागतं, पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवावेत तसं. ती टिकटिक इंजिन खाते, आणि उन्हाळ्यात ती आणखी वाढते. नानांची पद्धत अशी की चढावर गाडी न्यायची, टिकटिक येईपर्यंत टायमिंग पुढे करत जायचं, आणि आवाज आला की केसभर मागे घ्यायचं. यंत्र नाही, मोजमाप नाही, फक्त कान.

त्यासाठी आम्ही डिसेंबरातल्या एका थंड सकाळी लळिंगच्या घाटात गेलो. मी चालवत होतो, नाना शेजारी. दर चढाला थांबायचं, ते उतरून ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचे, पुन्हा चढ. तिसऱ्या खेपेला गाडी सुंदर पळाली आणि मला बारीक टिकटिक ऐकू आली. नाना समोर बघत होते. म्हणाले, "अजून शे हिनामा." पुन्हा उतरले, पुन्हा फिरवलं. आता आवाज स्पष्ट होता.

मी म्हणालो, "नाना, काहीतरी वाजतंय."

त्यांनी मान तिरकी केली. "कोठे?"

"टिकटिक येतेय चढावर."

त्यांनी गाडी थांबवायला लावली, बॉनेट उघडून स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. "टॅपेट शे, वाल्वना आवाज. बुढी गाडी शे, वटवट करस. तू दाबीसन चालव, घाबरू नको."

मी गाडी पुन्हा चढाला लावली. नानांना ऐकू येत नाही म्हणजे ते नाहीच, असं मला खरोखर वाटलं. त्यांचा मोबाईल शेजारी वाजत राहायचा आणि ते उचलत नसत, तेव्हा आम्ही म्हणायचो, कामात किती बुडालेले असतात. त्याच महिन्यात मी नववीच्या मुलांना ध्वनीचा धडा शिकवला होता. वय वाढलं की बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात, हे मी फळ्यावर लिहिलं होतं.

हिवाळाभर गाडीनं आम्हाला लाज आणली नाही. कन्नडचा घाट चौघांसह दुसऱ्या गिअरमध्ये चढायची, मधूनमधून तिसऱ्यातही. कुणाला उतरावं लागलं नाही. मायनं नानांसाठी बिबड्या, ज्वारीचे पापड, पाठवल्या आणि निरोप दिला, "लोटनभाऊले सांग, गाडी भलती पयस." नानांनी बिबडी कच्चीच मोडून खाल्ली. मायचे केस गेले होते, पण गाठ कमी होत होती. डॉक्टर म्हणाले, ठरलेले सगळे कीमो पुरे करा, मध्ये सोडू नका. मे महिन्यात दोनच बाकी राहिले.

त्या दिवशी मायला सकाळपासून ओकाऱ्या होत होत्या, निघायला नऊ वाजले. घाटाच्या पायथ्याशी अकरा. दगड तापले होते. पहिल्याच वळणावर टिकटिक सुरू झाली, आणि ती आता बारीक नव्हती. पत्नी मागून म्हणाली, "अहो, हे काय वाजतंय?" मी म्हणालो, "टॅपेट आहे," आणि नानांनी सांगितलं होतं तसं दाबून चालवलं. अर्ध्या घाटात जोर एकदम गेला. मागे पांढरा धूर. बॉनेटमधून उकळतं पाणी.

तीन तास आम्ही तिथे होतो. डोंगराच्या कापलेल्या भिंतीची हातभर सावली, तिच्यात माय, डोक्यावर ओला टॉवेल. शेवटी एक जीपवाला थांबला. तो संभाजीनगरला सोडायला तयार होता. मायनं माझा हात धरला. "आते नको. मले घर ली चाल. पुरे व्हयनं."

मी समजावलं, पत्नीनं, मामानं समजावलं. त्या दिवशी नाही आणि नंतरही ती उरलेल्या दोन कीमोंना गेली नाही. घाटाचं नाव काढलं की तोंड फिरवायची. पावसाळ्यात गाठ परत वाढली. भाद्रपदात ती गेली. ते दोन घेतले असते तर वाचली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढचा पेशंट बोलावला.

गाडी मात्र मेमध्येच टोचन करून, दुसऱ्या गाडीमागे ओढत, नानांच्या शेडमध्ये आणली होती. नानांनी हेड उचललं आणि पिस्टन बाहेर काढले. पिस्टनच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. त्यांनी एक माझ्या तळहातावर ठेवला.

"टिकटिक व्हती?"

"नाही, नाना."

"मंग हाऊ पिस्टन खोटं बोलस का?"

मी पिस्टनची कुरतडलेली कड अंगठ्यानं चाचपली. मग म्हणालो, "होती."

"लळिंगले बी?"

"हो."

"मंग मले का नही सांगं?"

"सांगितलं होतं, नाना. तुम्ही टॅपेट म्हणालात."

त्यांनी हळूहळू मान हलवली. त्यांना ते आठवत असावं. मग माझ्याकडे बघून, अजिबात न रागावता, त्यांनी विचारलं, "दुसऱ्यांदा का नही सांगं?"

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. माझ्याकडे उत्तर होतं, पण मी पिस्टन त्यांना परत दिला आणि घरी निघालो. त्यांच्या मोठेपणापुढे मी माझ्या कानांना खोटं ठरवलं होतं. घाटात पत्नीनं विचारलं तेव्हाही.

त्यानंतर नानांनी जोर वाढवायचं काम घेतलं नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "कंपनीनी दिया तेवढा पुरे." मग पंक्चर आणि ऑइल बदलण्यापुरतं उरलं, आणि दिवाळीनंतर शेडच बंद झालं. मायच्या दहाव्याला ते आले होते. सगळ्यांच्या मागे, उन्हात बसले आणि न जेवता गेले.

पुढच्या वर्षी ते भडगावला लेकीकडे राहायला गेल्याचं कळलं. हिवाळ्याच्या सुरुवातीला मी भेटायला गेलो. ओट्यावर खाटेवर बसले होते, खूप वाळलेले. लेक मोठ्यानं ओरडून म्हणाली, "नाना, मास्तर उनात." त्यांनी मला ओळखलं, शेजारची जागा हातानं झटकली. चहा झाला. आम्ही रस्त्याकडे बघत बसलो. त्यांनी मायचं विचारलं नाही, गाडीचं विचारलं नाही.

वर्षभर मनात घोळवलेलं उत्तर मी तेव्हा बोललो. लेक आत होती म्हणून हळू आवाजात बोललो. म्हणालो, "नाना, चूक तुमच्या कानाची नव्हती. मला ऐकू येत होतं. मी तुम्हाला पुन्हा सांगायला हवं होतं."

नानांनी कानामागे तळहात धरला आणि माझ्या तोंडाजवळ झुकले. "काय म्हनस?"

त्यांचा चेहरा अगदी जवळ होता. आतून लेक चहाचे कप न्यायला आली.

"काही नाही, नाना," मी मोठ्यानं म्हणालो. "तब्येत सांभाळा."

त्यांनी मान हलवली. थंडी संपायच्या आत ते गेल्याचा फोन आला.