अप्पांनी पाडलेली तीन विमानं

सासरे फौजेत होते हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं. तिथं ते काय करत होते हे लग्नानंतर पंधरा दिवसांनी कळलं, आणि तेही चुकीचं. मी साताऱ्याची, सासर धारवाडचं, कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. अप्पा ओसरीवर कुणाला तरी सांगत होते, "मिलिटरीयाग गाडी होडितिद्दे." मला त्यातली 'मिलिटरी' कळली आणि 'होडी' कळली. मी लगेच आईला फोन करून सांगितलं, सासरे नौदलात होते. कन्नडात 'होडी' म्हणजे हाकणं हे मला कळेपर्यंत माझ्या मावशीने त्यांना, "समुद्र लागायचा का हो?" असं विचारून टाकलं होतं. अप्पा पोट धरून हसले, आणि तेव्हापासून आमचं जमलं.

ते हाकत होते ती गाडी मात्र साधी नव्हती. रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी, वर चार नळ्यांची तोफ, तिच्यामागे रडारची तबकडी. विमानं पाडायची गाडी. आणि अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या गाडीने तीन विमानं पाडली होती.

मी धारवाडच्या कोर्टात वकिली करते. बावीस वर्षं मी या तीन विमानांची उलटतपासणी घेत आले. तारीख विचारली की म्हणायचे, "लढाईत कॅलेंडर टांगलेलं असतंय का ग?" पुरावा मागितला की, "विमान पाडायचं का फोटो काढत बसायचं?" असा बिलंदर साक्षीदार मला कोर्टातही भेटला नाही. शेजारचे मास्तर निवृत्त गणित शिक्षक, अप्पांना अण्णा म्हणायचे, ते तर सरळच विचारायचे, "एन् री अण्णा, मागच्या दिवाळीला दोन होती, यंदा तीन कशी झाली?" त्यावर अप्पा शांतपणे, "मास्तर, मोजायला शिका," म्हणायचे. गल्लीतल्या पोरासोरांना मात्र तिन्ही विमानं तोंडपाठ होती.

गेल्या हिवाळ्यात मास्तरांनीच बातमी आणली. महाराष्ट्रातल्या एका लष्करी संग्रहालयात जुन्या विमानविरोधी गाड्या मैदानात चालवून दाखवणार होते, आणि पेपरातल्या फोटोत तीच होती, चार नळ्यांची. मास्तर म्हणाले, "चला अण्णा, दाखवा तुमची गाडी." गल्लीतले बारा जण टेम्पो ट्रॅव्हलर करून निघालो. सुभाष रोडवरून पेढ्यांचे डबे घेतले, कुणी चिवडा आणला, वाटेत गाण्यांच्या भेंड्या झाल्या. एकटे अप्पा गप्प होते. एरवी बेळगाव येईपर्यंत त्यांनी एक विमान पाडलं असतं.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मैदानात सगळे फौजी असणार. तिथं कुणी जाणकाराने चार प्रश्न विचारले तर अख्ख्या गल्लीसमोर या म्हाताऱ्याची फजिती होणार. बावीस वर्षं मीच त्यांना पकडायला टपले होते, आणि आता ते पकडले जाऊ नयेत म्हणून मी देवाला हात जोडत होते. स्वतःचाच राग आला.

मैदानात आधी दोन जुन्या गाड्या आल्या, चाकांवरच्या, म्हाताऱ्या बैलासारख्या डुलत. मग ती आली. काळा धूर, जमिनीतून पायात चढणारी घरघर. अप्पा उठून उभे राहिले आणि ओरडायलाच लागले. "आता उजवीकडं वळताना गचका देणार बघ!" तिने गचका दिला. "आता तबकडी उठणार!" तबकडी उठली. तेवढ्यात वर एक घार आली आणि चारही नळ्या तिच्या मागे मागे फिरू लागल्या. घारीला पत्ताच नाही. सगळं मैदान हसत सुटलं. मास्तर टाळ्या वाजवत म्हणाले, "हे खरं निघालं की हो!"

माईकवर बोलणाऱ्या अधिकाऱ्याचं अप्पांकडे लक्ष गेलं. त्याने त्यांना मैदानात बोलावलं. अप्पा गुडघा धरत गेले, गाडीपुढे ताठ उभे राहिले आणि कडक सॅल्यूट ठोकला. मग त्यांनी चालकाच्या जागेवरच्या झाकणावर हात ठेवला आणि अधिकाऱ्याला काहीतरी सांगितलं. अधिकारी म्हणाला, "ये बाबाजी इसी गाडी के ड्रायव्हर थे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि पुढच्याच क्षणी त्याने तो प्रश्न विचारला.

"बाबाजी, कितने हवाई जहाज गिराए?"

त्याने माईक अप्पांच्या तोंडाशी धरला. आमची गल्ली खुर्च्यांच्या टोकावर आली. माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. तीन म्हणाले तरी मला नको होतं आणि नाही म्हणाले तरी नको होतं.

"एक भी नहीं, साब," अप्पा म्हणाले. "आया ही नहीं."

मग अधिकाऱ्याने टाचा जुळवून त्यांना सॅल्यूट केला. "इसके डर से नहीं आया, बाबाजी." टाळ्या आधीच्याहून दुप्पट झाल्या. मी माझ्या शेजारी पाहिलं, तर मास्तर चष्मा काढून डोळे पुसत होते.

परतताना टेम्पोत आनंदाला उधाण आलं होतं. अप्पांनी सगळ्यांना तो गचका तीनदा समजावून सांगितला, मास्तरांनी त्यांना आपल्या हाताने पेढा भरवला. विमानांचं नाव कुणीच काढलं नाही. पण मी वकील पडले. बाकीचे चहाला उतरले तेव्हा मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"अप्पा, बावीस वर्षं मी डोकं फोडलं, तेव्हा कबूल केलं नाहीत. आज एका प्रश्नात कसं काय?"

ते माझ्याकडे मी अगदीच अडाणी असल्यासारखं बघत राहिले.

"तिच्यासमोर खोटं कसं बोलू ग?" ते म्हणाले. "ती होती की तिथं."