रेघ ओलांडल्यावर

हापूसमधला साका, म्हणजे गरात धरलेला पांढरट, आंबट भाग, बाहेरून दिसत नाही, आंबा कापावाच लागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मला संख्याशास्त्र शिकू द्या, असं वडिलांना पटवलं ते शेजारच्या बागवाल्या काकांनी. म्हणून पदवी मिळाल्यावर त्यांच्या पेट्या तपासायची पद्धत मी मनापासून बसवून दिली. एकेक आंबा कापायचा आणि आलेखावर खूण करायची: साका निघाला तर आधीच्या खुणेच्या वर, नाही निघाला तर खाली. खूण वरच्या रेघेपलीकडे गेली तर माल नापास, खालच्या रेघेखाली आली तर पास, मधे असेपर्यंत कापत राहायचं. रेघ ओलांडली की मात्र थांबायचंच.

त्या दुपारी खूण वरच्या रेघेपलीकडे गेली. मी सुरी ठेवली.

"अजून काप रे, येईल खाली," काका म्हणाले आणि घरच्यासाठी राखलेल्या अढीतले आंबे माझ्यापुढे ठेवू लागले. मी कापले नाहीत, तेव्हा त्यांनीच कापले. खूण खालच्या रेघेखाली आली.

मग मुंबईच्या व्यापाऱ्याला फोनवर म्हणाले, "निर्धास्त घ्या. आमच्या पोरानं तपासलाय माल, शिकलेला आहे."

असं कौतुक मी नेहमी लाजून, मान खाली घालून ऐकायचो. त्या दिवशीही मान खालीच होती, पण वर करून त्यांच्याकडे बघवेना.