डाव्या हातानं कुटलेला तांबूल

त्या शुक्रवारी सकाळी आई नांदेडला माझ्या घरी देवीसाठी तांबूल कुटत होती. बत्ता हातातून पडला. तिला तो उचलता आला नाही, आणि ती काही बोललीही नाही.

मेंदूत रक्ताची गाठ झाली आहे, असं दवाखान्यात सांगितलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. "ऐकू येत असेल," डॉक्टर म्हणाले, "पण समजतंय का, ते आत्ता सांगता येणार नाही." मला नेमकं तेवढंच जाणून घ्यायचं होतं. आई डोळे उघडे ठेवून पडलेली असायची. मी समोर गेले की तिची नजर माझ्यावरून सरकत भिंतीकडे जायची. मी मुळात भाविक नाही. माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं, आणि देवाधर्माकडे मी आईची एक सवय म्हणूनच बघत आले. पण त्या दिवसांत कॉटशेजारी बसून मी माहूरच्या रेणुकेला मनातल्या मनात म्हणत होते, हिला एकदा बोलू दे. एकच शब्द. आम्ही कोण आहोत हे हिला कळतंय, एवढं मला समजू दे.

रेणुका आमची कुलदेवी. माहूरला तिला तांबुलाचा नैवेद्य असतो. विड्याची पानं, काथ, चुना, सुपारी, बडीशेप, सगळं खलबत्त्यात एकजीव होईपर्यंत कुटायचं. लग्न होऊन आल्यावर आईनं दर शुक्रवारी घरी तांबूल करायचा नेम धरला आणि तो कधी मोडला नाही. आम्ही तेव्हा लातूरला राहायचो. वडील लवकर गेले. आईनं शिलाई मशीनवर बसून माझं शिक्षण केलं. उन्हाळ्यात नळ कोरडे पडायचे, टँकरभोवती भांडणं व्हायची, तेव्हाही पानं धुण्यासाठी एक तांब्या पाणी तिनं झाकून ठेवलेलं असे. कुटताना ती बोलत नसे, चव बघत नसे, आणि देवाच्या कामाला डावा हात लावत नसे. नैवेद्य झाला की गल्लीतली पोरं ओट्यावर जमायची. प्रत्येकाला चिमूटभर प्रसाद, आणि लगेच आईचा हुकूम, "दाखव जीभ!" ज्याची जीभ जास्त लाल, त्याच्यावर देवी खूश. पुढे माझी मुलगी गौरी झाली आणि हा मान कायमचा तिच्याकडे गेला. जीभ फिकट रंगली तरी आजी म्हणायची, "लई लाल गं बाई, मिरचीवानी!" गौरी आता लातूरला वसतिगृहात राहून डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते.

आईचा डावा हात तेवढा चालत होता, आणि त्याचीच आम्हाला धास्ती वाटत होती. मूठ वळून तो वर जायचा, खाली आपटायचा, पुन्हा वर. त्यात एकदा नाकातली नळी निघून आली. झटके येताहेत असं समजून मीच सिस्टरला बोलावलं. त्यांनी तो हात पट्टीनं कॉटच्या दांडीला बांधला. आम्हा सगळ्यांना ते बरोबरच वाटलं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी गौरी बसनं नांदेडला आली. शेजारच्या कॉटवर एक तरुण बाई होती आणि तिच्या सोबतीला तिची सासू. सगळा वॉर्ड त्या सासूबाईंना खाला, म्हणजे मावशी, म्हणत असे. दात नसल्यामुळे त्या पान कुटून खायच्या. त्यांच्या पिशवीत पितळेचा लहानसा खलबत्ता असायचा. त्या दिवशी जेवण आटोपून त्यांनी कुटायला सुरुवात केली, तशी आईच्या हाताची पट्टी ताणली गेली. मी सिस्टरला हाक मारायला उठले. खाला थांबल्या. आईचा हातही थांबला. खालांनी पुन्हा बत्ता मारला, आईची मूठ पुन्हा उचलली.

"अगं बेटी, हात कायको बांधला यांचा?"

"झटके येतात, खाला."

"कायचे झटके! त्या कुटून राहिल्यात. बघ की जरा."

मी बघितलं. मूठ आईची नेहमीची होती, अंगठा वर ठेवलेली. घाव घालून झाल्यावर मनगट जरासं फिरवायची तिची लकबही तीच. फक्त हात डावा होता, म्हणून मला तो ओळखू आला नव्हता.

"आई, आज शुक्रवार आहे," गौरी मला म्हणाली.

नळीवर लक्ष ठेवा असं बजावून सिस्टरनं पट्टी सोडली. खाला खलबत्ता स्वच्छ धुऊन घेऊन आल्या आणि कॉटपाशी येऊन थबकल्या. "आमच्या घरचा हाय. तुमच्या देवीला चालतंय का बघ बाई. न्हाई म्हणलीस तरी राग न्हाई." आईचं सोवळं मला ठाऊक होतं. तिच्या खलबत्त्याला आंघोळीशिवाय मीही कधी हात लावला नव्हता. बोलता आलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे मी आजही सांगू शकत नाही. मी काही ठरवायच्या आत गौरीनं खलबत्ता घेतला आणि बत्ता आजीच्या डाव्या हातात दिला. बोटं मिटली.

पानं खालांच्याच डब्यातली होती. आईचे घाव इकडे तिकडे पडत होते. गौरी खल दोन्ही हातांनी धरून नेम साधायची धडपड करत होती.

"पोरी, खल आजीच्या हाताखाली ने," खाला म्हणाल्या. "आजीला खलामागं पळवून राहिलीस की!"

वॉर्डातल्या बायका हसल्या. मीसुद्धा हसले, कितीतरी दिवसांनी.

मग आईचा हात आपणहून थांबला. पान जाडसरच राहिलं होतं. गौरीनं माहूरकडे तोंड करून नैवेद्य दाखवला. आईला गिळायला मनाई होती, म्हणून तिच्या ओठांना नुसतं बोट लावलं. चिमूटभर स्वतः खाल्लं, आणि आजीच्या अंगावर वाकून तिनं लहानपणीसारखी जीभ बाहेर काढली.

आमच्यावरून सरकत जाणारी आईची नजर त्या जिभेवर थांबली. ओठाची डावी कड हलली, वर गेली.

"हसली गं, हसली!" खाला म्हणाल्या.

तो हात त्यानंतर बांधावा लागला नाही. आई पुढच्याच आठवड्यात गेली, झोपेत. त्याआधी एका सकाळी मी औषधं घेऊन वर आले तर शेजारची कॉट रिकामी होती. खाला सुनेला घेऊन घरी गेल्या होत्या. त्यांचं नावही मी विचारलेलं नव्हतं.

मी देवीकडे शब्द मागितला होता. तो मिळाला नाही. मला जे हवं होतं ते समोर चाललेलं होतं, आणि मी ते बांधून ठेवायला सांगत होते. आईचा उजवा हात गेला तेव्हा तिनं उरलेला पुढे केला, जो तिनं देवाच्या कामाला कधी लावला नव्हता. देवीनं ते मानून घेतलं का, हे ठरवणारी मी कोण? माझ्यापुरतं, खाला त्या दुपारी आमच्या शेजारी होत्या, यासाठी मी रोज हात जोडते. काही मागायचं मात्र सुचत नाही.

आईचा खलबत्ता घरात आहे. शुक्रवारी मी कुटते. संध्याकाळी गौरीचा लातूरहून व्हिडिओ कॉल येतो आणि ती मला जीभ दाखवायला सांगते.